बड्या लोकांचा अंगठा

माझ्या सासऱ्यांच्या उजव्या पायाचा अंगठा एकदा इतका सुजला, की वाडीच्या नाक्यावरच्या शिपायानं आधी अंगठ्याला सलाम ठोकला आणि मग सासऱ्यांना. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी खोटं बोलत नाही. असलेल्या गोष्टीत थोडी हवा भरतो, इतकंच. त्या अंगठ्यात मात्र हवा भरायला जागाच उरली नव्हती. पिकल्या टमाट्यासारखा लाल, वरून ताणून चकाकणारा, आणि त्याच्यावर माशी जरी बसली तरी सासरे अशी बोंब ठोकत, की गोदामातल्या पोत्यांवर घोरणारे हमाल दचकून उठत आणि चुकून कामाला लागत.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. अमरावती रोडवर वाडीत सासऱ्यांचं ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं. त्याला लागून चार खोल्या, तिथे ते आणि सासूबाई. बाहेरच्या पाटीवर ‘ट्रक मालक’ ही अक्षरं त्यांच्या नावाहून मोठी. ट्रक दोन. एक चालायचा. दुसरा कित्येक वर्षांपासून विटांवर उभा होता आणि त्याच्या केबिनमध्ये सासूबाईंच्या कोंबड्या अंडी घालायच्या. पण सासरे ‘आपल्या गाड्या’ म्हणताना हात असा फिरवत, की ऐकणाऱ्याला वाटावं, इथून थेट कलकत्त्यापर्यंत रांग लागलेली आहे.

मी सदरमधल्या एका सरकारी कचेरीत कारकून. त्यांची एकुलती एक मुलगी मला दिल्याचा पश्चात्ताप त्यांनी लग्नाच्या मांडवातच सुरू केला होता. तोंडावर ते मला ‘जवाईबापू’ म्हणत. पाठ वळली की ‘बाबू’. ‘आमचा बाबू’ म्हणताना त्यांच्या तोंडाचा आकार असा व्हायचा, जणू दाढेत मटणाचा रेषा अडकलाय आणि काडी सापडत नाहीये. मी त्यांना मनातल्या मनात काय म्हणायचो ते इथं लिहीत नाही. बायको हे वाचणार आहे.

तर अंगठा. तो आधी घरगुती उपायांनी भाजून, लेपून, शेकून झाला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे औषध होतं, अक्कल कोणाकडेच नव्हती. एका जाड्या ट्रकवाल्यानं सांगितलं, “पायाच्या दुखण्याले पायाच पाहिजे, सेठ. बकऱ्याचे पाये आणा, मंद आगीवर शिजवा, अन् वाटीभर रस्सा रोज प्या.” पायाला पाया! शब्द जुळला म्हणजे औषध जुळलं, असा हा वैद्यकशास्त्राचा प्रकार. सासऱ्यांनी आठ दिवस खुरांचा रस्सा ओरपला. आठव्या दिवशी डाव्या पायाचा अंगठाही सुजला. जाड्या म्हणाला, “पाहा, गुण येऊन राहिला.”

शेवटी सीताबर्डीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलणारा, तोंडाळ पण जाणता माणूस. त्यांनी अंगठा दुरूनच पाहिला, रक्त काढायला लावलं, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, “युरिक ॲसिड वाढलं आहे. ये तो बडे लोगों की बीमारी है, सेठजी. पहले राजा-नवाबों को होती थी.”

डॉक्टरांनी चेष्टा केली होती. पुढं त्यांनी बरंच काही सांगितलं: मटण बंद, कलेजी तर दिसली तरी तोंड फिरवायचं, दारू बंद, पाणी भरपूर प्यायचं, गोळी चुकवायची नाही. पण सासऱ्यांच्या कानात ‘बडे लोग’ आणि ‘नवाब’ हे दोन शब्द शिरले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली. बाकीचं सगळं बाहेरच्या बाहेर परत गेलं.

दुसऱ्या दिवसापासून गोदामासमोर दरबार भरू लागला. खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर माझ्या लग्नातली जांभळ्या साटीनची उशी आणि उशीवर तो अंगठा. रस्त्यानं जाणारा ट्रकवाला थांबून विचारायचा, “काय झालं, सेठ?”

“काही नाही गा,” सासरे हळूच म्हणायचे. “युरिक ॲसिड.”

एखादा माणूस ‘काही नाही, कमिशनर झालो’ असं सांगेल ना, अगदी तोच सूर.

त्यांचा ड्रायव्हर भंडाऱ्याकडचा, म्हातारा आणि खोचक. तो एकदा डोकं खाजवत म्हणाला, “ॲसिड? म्हंजे बॅटरीत असते ते?”

“तेच समज.”

“मंग तं चांगलंच हाय ना जी! बॅटरीत ॲसिड कमी पडलं तं गाडी उठत नाही. तुमची बॅटरी फुल हाय.”

झालं. शास्त्र पूर्ण झालं. ट्रान्सपोर्टच्या लोकांना अंगातलं दुखणं समजत नाही, गाडीतलं समजतं. सासरे तेव्हापासून छातीवर थाप मारून सांगू लागले, “साठीले आलो, पण बॅटरी फुल हाय आपली.” वाडीतल्या इतर मालकांना रीतसर हेवा वाटू लागला. एकानं तर स्वतःचा अंगठा दारात चेंगरून घेतला आणि आठ दिवस उशीवर ठेवून बसला. हे मात्र मी ऐकलेलं आहे.

सासूबाईंना यातलं काहीच पटलं नव्हतं. बुटकी, सावळी, कमी बोलणारी बाई. डॉक्टरांचं बोलणं त्या एकट्याच नीट ऐकून आल्या होत्या. त्यांनी घरात मटण शिजवणं बंद केलं. सासऱ्यांनी ताट भिरकावलं. सासूबाईंनी ते उचलून घासलं आणि पुन्हा त्यात दोडक्याची भाजी वाढली. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी सासऱ्यांना पळवाट सापडली. ती पळवाट म्हणजे मी.

आमच्याकडची रीत अशी, की जवाई घरी आला की मटण शिजलंच पाहिजे. घरात मयत असली तर गोष्ट वेगळी. जवायासमोर भाजी वाढणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. आणि दुसरी रीत अशी, की जवायाला ताटावर एकटं बसवायचं नाही. सासऱ्यानं शेजारी बसायचं, त्याच भांड्यातलं खायचं, त्याच्या बरोबरीनं खायचं. सासऱ्याचा हात थांबला की जवायानं उठावं. आता बोला! डॉक्टर मोठा की रीत मोठी? सासूबाई काय बोलणार?

तर एका मंगळवारी दुपारी माझ्या कचेरीच्या दारात भला मोठा ट्रक येऊन उभा राहिला आणि त्यानं असा हॉर्न दिला, की आमच्या साहेबांच्या हातातली सही वाकडी झाली. म्हातारा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “चला जी जवाईबापू! सेठनं बोलावलं. अर्जंट हाय!”

मी घाबरून तसाच निघालो. वाटलं, अंगठा फुटला. वाडीला पोचलो तर सासरे पाट मांडून बसलेले. पातेल्यातून वाफ निघतेय. वर बोटभर लाल तर्री, कलेजीचे तुकडे वेगळे काढून ठेवलेले.

“या, या! किती दिवसांनी आले,” सासरे म्हणाले. मी आठवड्यापूर्वीच येऊन गेलो होतो.

मग आठवड्यातून दोनदा, पुढं तीनदा ट्रक येऊ लागला. कचेरीतले लोक मला ‘माल’ म्हणू लागले. ‘माल उचलायला गाडी आली’. मला त्या माणसाची किळस यायची. जिभेसाठी लेकीच्या नवऱ्याला पोत्यासारखा उचलून आणणारा माणूस! मी त्यांच्या शेजारी बसून, डोळ्यातून पाणी काढणाऱ्या त्या रश्श्यात भाकर चुरत, त्यांच्याकडे तिरस्कारानं बघत बघत तिसऱ्यांदा वाढून घ्यायचो. तिरस्कारानं भूक वाढते, हे कोणी शास्त्रात लिहिलेलं नाही, पण माझा अनुभव आहे. एका बैठकीत मी अर्धा बकरा खायचो, आणि उरलेल्या अर्ध्यावर सासऱ्यांचा नैवेद्य. सासूबाई वाढायच्या. माझ्या ताटात वाढताना हात सरळ, त्यांच्या ताटात वाढताना हात कापायचा. मला ते दिसायचं. मी हाड चोखत बसायचो.

असं वर्षभर चाललं. मग एका रविवारी भर दुपारी, दुसरी वाटी संपवताना सासऱ्यांचा घास हातातच थांबला. कपाळावर घाम. डावा हात दुसऱ्या हातानं धरला आणि म्हणाले, “हे कोण बसलं छातीवर?” कोणीच बसलं नव्हतं. मी आणि ड्रायव्हरनं उचलून त्यांना ट्रकमध्ये घातलं. वाटेत त्यांनी एकदाच डोळे उघडले आणि मला म्हणाले, “तुम्ही काहून उठले ताटावरून? जेवून घ्यायचं होतं ना.” रीत मरतानासुद्धा सुटत नाही, मग अक्कल जगताना कशाला येईल?

पण मेले नाहीत. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, इंजेक्शन दिलं, आणि दोन दिवसांनी खाटेपाशी बसून सगळ्यांसमोर सुनावलं. सासूबाई दाराशी पदर घट्ट धरून उभ्या होत्या.

“सेठजी, हा इशारा होता. पुढच्या वेळी इशारा नाही मिळणार. तुमच्या अंगठ्यातलं दुखणं अंगठ्यातच राहील असं समजू नका. ज्याचं युरिक ॲसिड वाढतं, त्याचं प्रेशर बघावं लागतं, वजन बघावं लागतं, हृदय बघावं लागतं. ॲसिड स्वतः हृदयाला मारतं की मारणाऱ्यांच्या संगतीत फिरतं, ते मलाही छातीठोक सांगता येत नाही. पण हे सगळे दोस्त एकत्र फिरतात. एक दारात दिसला की बाकीचे गल्लीत उभे असतातच.”

“पण डॉक्टरसाहेब, बॅटरी फुल असली तं...”

“बॅटरीचं ॲसिड बाहेर सांडलं तर काय होतं?”

ड्रायव्हर मागून म्हणाला, “पत्रा खाते जी.”

“हं. आता कळलं?”

कळलं! तीन आठवडे कळलेलं राहिलं. बाविसाव्या दिवशी माझ्या कचेरीसमोर हॉर्न वाजला.

त्या दिवशी साहेबांची मीटिंग होती म्हणून मी ट्रक परत पाठवला, आणि संध्याकाळी घरी पोचलो तर महालातल्या आमच्या दोन खोल्यांच्या दारात सासूबाई उभ्या. लग्नानंतर त्या आमच्याकडे पहिल्यांदाच येत होत्या. आम्हाला तोवर मूलबाळ नव्हतं, आणि नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. वाडीहून बसनं आल्या होत्या, एकट्या. ओठ सुकलेले.

“आई, आत तं ये वं,” बायको म्हणाली. “बस. पाणी तरी घे.”

“मी बसाले नाही आली.” त्या उंबऱ्याबाहेरच राहिल्या. माझ्याकडे न बघता, चौकटीकडे बघत म्हणाल्या, “जवाईबापू, एक मागाले आली. तुम्ही आमच्या घरी येत नका जाऊ.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“तुम्ही आले की मले शिजवा लागते. मी शिजवलं की ते खातात. मी त्याइले माह्या हातानं वाढून राहिली, अन् माह्याच हातानं हे पुसून राहिली.” त्यांनी कपाळाकडे बोट नेलं, पण कुंकवाला हात लावला नाही. “डॉक्टर बोलला ते तुम्ही बी ऐकलं.”

एवढं बोलून त्या वळल्या आणि पाणी न पिता बसथांब्याकडे चालू लागल्या. बायको मागे धावली.

मी काय केलं असेल? मला राग आला. होय. जवायाला सासूनं ‘येऊ नका’ म्हणावं! आमच्या सात पिढ्यांत असा अपमान कोणाचा झाला नव्हता. बायको परत आली तेव्हा मी खोलीत येरझारा घालत होतो. म्हटलं, “तुझ्या आईनं माझी इज्जत ठेवली नाही.”

ती चटकन म्हणाली, “चार तुकड्यांसाठी माह्या बापाले मारून राहिले तुम्ही, अन् इज्जत मांगता?”

“मी मारून राहिलो? ते खाऊन राहिले!”

“कोणाच्या नावावर?”

माणसाकडे उत्तर नसलं की तो पान खायला बाहेर पडतो, तसा मी पडलो. पानठेल्यावर उभ्या उभ्या मला स्वतःचंच तोंड तिथल्या आरशात दिसलं. गाल फुगलेले, ओठांवर तर्रीचं तेल. म्हणजे तेल नव्हतंच, तीन आठवडे तर्री चाखलीच नव्हती. पण मला दिसलं. सासऱ्यांचा मी जितका तिरस्कार करत होतो त्यातला बराचसा चुकीच्या पत्त्यावर जात होता, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

जाणं नुसतं बंद करूनही भागणार नव्हतं. मी गेलो नाही तर ट्रक येणार. ट्रक परतवला तर सासरे डबा घेऊन स्वतः येणार. आणि सोयऱ्याधायऱ्यांत बोभाटा होणार की बाबूनं सासर तोडलं, म्हणजे बायकोचं माहेर तुटणार. जायचं तर होतं, आणि मटण शिजू द्यायचं नव्हतं. मी रात्रंदिवस खोटं बोलण्याचा सराव केलेला माणूस. म्हटलं, आता नाही तर कधी?

पुढच्या रविवारी ट्रकमध्ये बसलो. वाटेत ड्रायव्हर म्हणाला, “आज भेजा बी हाय जी.” पोचलो, पाटावर बसलो. शेजारी सासरे बाह्या वर करून तयार. सासूबाई पातेलं घेऊन आल्या. माझ्याकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, जणू जन्मभराची थुंकी त्यात एकदम जमा झाली होती.

त्यांनी पळी पुढे केली, आणि मी ताटावर हात आडवा धरला.

“मामाजी, मले चालत नाही.”

“काहून? उपास हाय?”

“नाही जी. युरिक ॲसिड.”

सासऱ्यांनी मान हळूहळू वळवली.

“कोणाले?”

“मले.”

“तुमाले?” ते आधी हसले. मग लाल झाले. “तुमाले कसं होईन? तुमच्या खानदानात आजवर कोणाचा अंगठा सुजला काय? तुमचा बाप मास्तर, आजा मास्तर. खडू खाऊन खडू हगणारे लोक! नवाबाची बिमारी हाय ही, जवाईबापू. बाबू लोकांले पडसं होते.”

“झालं तर आहे.”

“रिपोर्ट दाखवा.”

“घरी आहे.”

“खोटं बोलून राहिले तुम्ही! माही बराबरी करून राहिले!”

सासूबाई पळी हवेतच धरून उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. पळीतून एक लाल थेंब पाटावर पडला.

मटण तसंच राहिलं. जवाई खात नाही म्हटल्यावर सासऱ्यालाही खाता येईना. रीत दोन्हीकडून कापते. सासरे उठून म्हणाले, “उद्या सकाळी उपाशी पोटानं तयार राहा. डॉक्टरकडे नेतो तुमाले. खोटं निघालं ना, तं हेच मटण तुमाले गरम करून चारतो.”

आणि नेलं. जगाच्या इतिहासात जवायाला खोटा ठरवण्यासाठी त्याचं रक्त काढणारा सासरा हा एकच असेल. सुई टोचली तेव्हा ते शेजारी उभे राहून रक्त काढणाऱ्याला सांगत होते, “पुरं काढा. अन् पाणी नका मिसळू.” स्वतःचंही रक्त त्यांनी पुन्हा काढायला लावलं, तुलनेसाठी. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, “उद्या पितळ उघडं पडतं.” ती म्हणाली, “पडू द्या. एक आठवडा तं निघाला.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन कागद समोर ठेवले. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

“सेठजी, तुमचं आठ पॉइंट नऊ.”

“हं,” सासरे खुर्चीत सरळ झाले. “अन् बाबूचं?”

“नऊ पॉइंट चार.”

देवाशपथ सांगतो, माझ्या खोट्यानं माझ्याशी अशी बेइमानी कधीच केली नव्हती. मी आजपर्यंत बोललेल्या हजारो खोट्यांतलं हे एकच खरं निघालं, आणि तेही नको तेव्हा. वर्षभर आठवड्यातून तीनदा अर्धा बकरा. तो कुठं जाणार होता?

“कागद बदलले असतीन,” सासरे म्हणाले.

“बदलले नाहीत.”

दाराशी उभा असलेला ड्रायव्हर न राहवून म्हणाला, “म्हंजे बाबूची बॅटरी जास्त फुल हाय ना जी!”

“तू भायेर उभा राह्य बे!”

डॉक्टर माणसं ओळखणारे होते. चेष्टेनं त्यांनी एकदा जी चूक केली होती, ती त्यांना तिथेच दुरुस्त करायची होती की काय कोण जाणे. ते कागद घडी घालत सहज म्हणाले, “यात नवल काय, सेठजी? हल्ली कोणालाही होते. माझ्या दवाखान्याच्या चौकीदारालाही आहे.”

“चौकीदाराले?”

“हो. आणि झाडू मारणाऱ्या बुढ्यालाही.”

सासऱ्यांच्या चेहऱ्यावरून नवाबी उतरताना मी पाहिली. भिंतीचा चुना पावसात उतरतो तशी, पट्ट्यापट्ट्यांनी. वाडीला उतरल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे स्टुलावरची साटीनची उशी उचलून विटांवरच्या ट्रकमध्ये, कोंबड्यांखाली टाकली. मग सासूबाईंना मोठ्यानं, मला ऐकू जाईल असं म्हणाले, “आजपासून मले दोडकाच दे. गोळी बी दे. ही बिमारी आता ठेवण्यालायक राहिली नाही. कोणत्याही बाबूले होऊन राहिली.”

हृदयाला भिऊन त्यांनी मटण सोडलं नाही. डॉक्टरांना भिऊन नाही, बायकोच्या कपाळाकडे बघूनही नाही. माझ्या पंगतीला बसायला लागू नये म्हणून सोडलं. असा हा माणूस. पुढं कोणी अंगठ्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, “जॅक पडला होता पायावर.” पण गोळी चुकवली नाही, वजन उतरवलं, आणि प्रेशर मोजायला न सांगता जाऊ लागले. आता बोला.

त्या दिवशी निघताना सासूबाई माझ्यामागे गोदामाच्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, “जवाईबापू, येत जा.” एवढंच. पण थोडं थांबून, “अन् तुमचं बी पाहा. ते नऊ खोटं नाही.”

मी काय पाहिलं? मी हसलो. माझा अंगठा दुखत नव्हता, छातीवर कोणी बसत नव्हतं, आणि न दुखणाऱ्या आकड्याला घाबरण्याइतका मी भित्रा नव्हतो. वाडीला जाऊन मुकाट्यानं दोडका खायचो, आणि परत येताना सायकल गोळीबार चौकाकडे वळवून एका भोजनालयात भेजा, कलेजी आणि वर सुंदरी, म्हणजे बकऱ्याची आतडी, मागवायचो. सासऱ्यांना जो जो म्हणून मूर्खपणा केल्याबद्दल मी शिव्या घातल्या होत्या, तो सगळा मी एकट्यानं, न बोलावता, ट्रकही नसताना केला. त्यांच्याकडे निदान नवाब असल्याचा भ्रम होता. माझ्याकडे तेवढंही कारण नव्हतं.

बारा वर्षं अशी गेली. माझा अंगठा पहिल्यांदा सुजला तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी कचेरीत सांगितलं, जॅक पडला. कारकुनाच्या पायावर जॅक!

त्याच वर्षी सासूबाई गेल्या. चार दिवसांच्या तापानं, कपाळावरच्या कुंकवासकट. सासरे त्यांच्या उशाशी बसून होते, खडखडीत, दोडक्याच्या वेलीसारखे वाळलेले. डॉक्टरांनी ज्याला इशारा दिला होता तो जिवंत, आणि जिनं तो ऐकला होता ती गेली. तिला हवं होतं ते तिला मिळालं, असं सोयऱ्याधायऱ्यांतल्या बायका म्हणत होत्या. मला दारात पाणी न पिता उभी असलेली ती बाई दिसत होती.

सुतक फिटलं की घरच्यांचं तोंड खारं करायचं, ही आमची आणखी एक रीत. मटण शिजतं, आणि ते जवायानं आणायचं, जवायानं शेजारी बसून खाऊ घालायचं. बायको म्हणाली, “आता त्याइले कोण अडवणार?” मलाही तीच भीती. घर रिकामं, स्वयंपाकघर रिकामं, अडवणारा हात नाही. आणि पळी माझ्या हातात.

सासरे पाटावर बसले. मी शेजारी. मी पळी भरली आणि हात कापला. खरंच कापला, यात हवा भरलेली नाही.

सासऱ्यांनी ताटावर हात आडवा धरला.

“मामाजी, रीत आहे. एक घास.”

त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं, नाक मुरडलं. “बारा वर्षं तिच्या हातचे दोडके खाल्ले, अन् आता तुमच्या हातचं हे लाल पाणी खाऊ?”

मग माझ्या पायाकडे नजर गेली. चप्पल न मावल्यामुळे मी उजव्या पायाला फडकं गुंडाळून आलो होतो. म्हाताऱ्यानं त्या फडक्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. वाटी स्वतःच्या हातानं भरली आणि माझ्यापुढे सरकवली.

“खा, खा, जवाईबापू. तुम्ही बडे लोक.”

तर्री बोटभर होती. वास नाकात गेला आणि अंगठा फडक्यात ठणकला. सासऱ्यांचा हात थांबलेला होता, म्हणजे रीतीप्रमाणे मी उठायला हवं होतं. मी वाटी दूर सारली. फार दूर नाही, हात पोचेल इतकी. सासरे तिच्याकडे बघत राहिले, माझ्याकडे बघत राहिले, आणि मग आपल्या वाळक्या हातानं त्यांनी ती उचलून पाठीमागे, भिंतीपाशी नेऊन ठेवली.